नाग नदी: भिंत बांधणं वेगळं, गाळ काढणं वेगळं

उन्हाळ्यात नागपूरच्या नाग नदीत पोकलेन उतरलं की लोक म्हणतात, पुराचं काम सुरू झालं. काठावर काँक्रीटची भिंत उभी राहिली तरी तेच म्हणतात. पण या दोन कामांनी पुराचं पाणी अगदी वेगळ्या तऱ्हेने वागतं. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि अंबाझरी ले-आऊट, कॉर्पोरेशन कॉलनीत लोक झोपेत असतानाच घरात पाणी शिरलं. त्यानंतर तरी हा फरक आपल्याला ठाऊक हवा.

गाळ काढला की पात्रात जागा होते आणि तेवढंच पाणी खालच्या पातळीवरून निघून जातं. मात्र पुढे एखाद्या पुलाखाली पात्र आवळलेलं असेल तर पाणी तिथे अडून मागे फुगतं. वरच्या अंगाला कितीही खणलं तरी उपयोग नाही. शिवाय गाळ दरवर्षी येतोच. काढलेला ढीग काठावरच ठेवला तर पहिल्या जोरदार सरीत तो पुन्हा पात्रात जातो. भिंतीच्या पायालगत खोल खरवडलं तर भिंतच खचते.

भिंत पाणी कमी करत नाही. ती नदीला वर चढू देते, फक्त वस्तीत येऊ देत नाही. पूर्वी काठावर पसरणारं पाणी मग खाली, पूर्व नागपूरकडे, जास्त वेगाने जातं. खरी अडचण भिंतीच्या आत असते. कॉलनीचं पावसाचं पाणी गटारातून नदीतच सोडलेलं असतं. गटाराच्या तोंडाला एकेरी झडप नसेल तर चढलेली नदी त्याच वाटेने उलटी आत येते. झडप असेल तर ती पुरात मिटते आणि कॉलनीचं पाणी कॉलनीतच साचतं. ते उपसायला पंप लागतो. आणि भिंत फुटली तर सावरायला वेळ मिळत नाही. ऑगस्ट २००८ मध्ये नेपाळातल्या कुसहा इथे कोसी नदीचा तटबंध, म्हणजे काठावरचा बांध, फुटला आणि बिहारचे जिल्हे बुडाले. तेव्हा नदीत तटबंधाच्या क्षमतेपेक्षा बरंच कमी पाणी होतं. दोन तटबंधांमध्ये वर्षानुवर्षं गाळ साचून पात्रच वर आलं होतं.

म्हणून नागसाठी माझा क्रम असा: आधी अरुंद पूल आणि मोऱ्या रुंद करा, मग गाळ काढून थेट शहराबाहेर न्या, आणि भिंत फक्त जिथे घरं अगदी काठाला टेकली आहेत तिथे. तुमच्या गल्लीत भिंत येणार असेल तर नकाशा मागा. गटाराच्या प्रत्येक तोंडाशी झडप आणि जवळ पंप दाखवलेला नसेल, तर काम सुरू होण्याआधीच लेखी हरकत द्या.