नंबरप्लेट आधी पुसली जाते

तोडक कारवाईचा व्हिडिओ वस्तीतून निघतो आणि संध्याकाळपर्यंत विरार-कल्याणपर्यंत पोहोचतो, कारण त्याची फाइल हलकी असते. १९२०×१०८० च्या एका फ्रेममध्ये सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात. जुन्या मोबाइलच्या १७६×१४४ च्या फ्रेममध्ये फक्त २५,३४४. जर्मन कलावंत हिटो श्टायर्ल यांनी २००९ मध्ये अशा चित्रांना ‘गरीब प्रतिमा’ म्हटलं. मुंबईच्या ‘कॅम्प’ या कलासमूहाने २०१३ च्या ‘फ्रॉम गल्फ टू गल्फ टू गल्फ’ या चित्रपटात गलबतांवरच्या खलाशांनी स्वतः मोबाइलवर घेतलेलं चित्रण वापरलं. तो समुद्र त्यांच्याच डोळ्यांनी दिसतो, म्हणून तिथे पिक्सेल मोजायची गरज वाटत नाही.

पण वजन घटताना नेमकं काय गळतं? जेपेग या फोटो दाबून साठवण्याच्या पद्धतीत चित्राचे ८×८ पिक्सेलचे चौकोन पडतात. चौकोनातला सावकाश बदलणारा उजेड बऱ्यापैकी जपला जातो. झपाट्याने बदलणारे बारकावे बहुतेक शून्यावर आणले जातात. रंगांची माहिती बहुधा त्याआधीच उभी-आडवी निम्मी केलेली असते, कारण डोळ्याला रंगापेक्षा उजेड-अंधार जास्त कळतो. व्हिडिओत मुख्यतः फ्रेम-फ्रेममधला फरक साठवतात, म्हणून पळापळ सुरू झाली, हात हलला की ऐन मोक्याला चित्र फुटतं. बुलडोझर ओळखू येतो, त्याची नंबरप्लेट नाही. लाठी दिसते, छातीवरची नावाची पट्टी नाही. जाब विचारायला लागणारा तपशीलच सगळ्यात आधी जातो, हे मला फार गंभीर वाटतं. ‘क्लिअर’ करून देणारी ॲप्स हरवलेला आकडा परत आणत नाहीत, अंदाजाने नवा काढतात.

रहिवाशांचे चेहरे पुसट झाले म्हणून ते सुरक्षित, असंही नाही. आवाज, कपडे, मागची दुकानाची पाटी पुरते.

व्हॉट्सॲपवर नुसत्या फॉरवर्डने चित्र आणखी बिघडत नाही, तीच फाइल पुढे जाते. बिघडतं ते डाउनलोड करून पुन्हा अपलोड करताना किंवा स्क्रीन रेकॉर्ड करताना.

म्हणून लोकांसाठी हलकी प्रत सोडा, पण मूळ फाइल न कापता, नाव न बदलता हार्ड डिस्कवर उतरवा आणि तिचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे फाइलमधून गणिताने निघणारा तिच्या ठशासारखा आकडा, लिहून ठेवा. एक बिट बदलला तरी हॅश बदलतो. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायच्या, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रातही तो भरावा लागतो. वकिलाला मूळ फाइल व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, म्हणजे ती दाबली जात नाही. मात्र तिच्यात चित्रण कुठे झालं याची नोंदही असू शकते, तेव्हा ग्रुपवर ती टाकू नका.