गाडी बोलावण्याआधी एवढं वाचा: जनावरं नेणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

लोणी, घोडेगाव आणि आसपासच्या बाजारांतून दुभती जनावरं घेऊन जाणाऱ्या मंडळींसाठी हे पत्रक आहे. फोनवर तेच तेच प्रश्न येतात. बाजाराच्या दिवशी प्रत्येकाला नीट उत्तर द्यायला सवड नसते, म्हणून एकदाच लिहून ठेवलं. जनावर कसं पारखायचं आणि सौदा कुठे तोडायचा हे तुम्हाला चांगलं कळतं, त्यात आम्ही पडत नाही. सौदा झाल्यापासून ते जनावर तुमच्या गोठ्यात उतरेपर्यंतचं बोलू.

आधी दाखला, मग गाडी

सगळ्यात जास्त वेळ एकाच गोष्टीत जातो. गाय ठरली, पैसे दिले, आम्हाला फोन झाला, गाडी येऊन जनावरं चढवायच्या धक्क्याला लागली, आणि मग कुणीतरी विचारतं, "डॉक्टरचा दाखला लागतोच का हो?"

लागतो. जनावरांच्या वाहतुकीसाठी केंद्र सरकारचे १९७८ चे नियम आहेत. जनावर प्रवासाला धड आहे आणि त्याला संसर्गजन्य रोग नाही, असा पशुवैद्यकाचा दाखला सोबत हवा, असं त्यात आहे. पुढचं वाक्य आमच्यासाठी आहे: दाखला नसेल तर वाहतूकदाराने जनावर घेऊ नये. म्हणजे ड्रायव्हर "नाही चढवणार" म्हणतो तेव्हा तो आडमुठेपणा करत नसतो. नियमाने ती जबाबदारी त्याच्यावर टाकलेली आहे. (गंमत म्हणजे या नियमात अजून बुळकांडीच्या लसीचं नाव आहे, आणि बुळकांडी जगातूनच संपल्याचं २०११ साली जाहीर झालं. आता डॉक्टर बघतात ते लाळ्या-खुरकूत आणि लम्पी. २०२२ च्या लम्पीत बाजार बंद पडले होते, वाहतूक थांबली होती, ते कुणी विसरलं नसेल.)

गाडी आल्यावर दाखल्याची धावपळ सुरू झाली की डॉक्टर फिरतीवर गेलेले असतात. मग तीन-चार तास गाडी उभी. गाडीपेक्षा हाल गाईचे होतात. उन्हात बांधलेली, कास तटलेली, वासरू एकीकडे आणि ती दुसरीकडे. दिवस मावळताना दाखला येतो आणि सगळे एकदम घाईला येतात. चढवताना पाय घसरतो, सड चिरडतो तो याच घाईत.

दुसरा प्रकार याहून अवघड. दाखला सकाळीच काढलेला असतो, पण दुपारी त्यातली एक गाय परत करून दुसरी घेतलेली असते. दाखल्यावर एका बिल्ल्याचा नंबर, कानात दुसराच बिल्ला. महाराष्ट्रात १ जून २०२४ पासून कानात बिल्ला नसलेल्या जनावराची खरेदी-विक्री आणि वाहतूक बंद आहे. त्या बिल्ल्यावर बारा आकडे असतात. एक आकडा चुकला तरी नाक्यावरच्या माणसाच्या लेखी ते वेगळं जनावर. तुम्ही कितीही शपथा घ्या, त्याने कागदावर विश्वास ठेवायचा की तुमच्यावर?

म्हणून क्रम असा ठेवा. सौदा बोलून झाला की पैसे मोजायच्या आधी कान बघा. बिल्ला आहे का, आकडे वाचता येतात का. पडला असेल तर विकणाऱ्याकडूनच नवा मारून घ्या, नंतर तो फोन उचलत नाही. मोबाईलवर कानाचा फोटो काढा आणि आम्हाला पाठवा. तोच नंबर खरेदी पावतीवर आणि तोच दाखल्यावर येतोय ना, हे तिथेच उभं राहून तपासा. जनावराची नोंद जुन्या मालकाच्या नावावरून तुमच्या नावावर करायचं दवाखान्यात सांगून ठेवा. गाडी आदल्या दिवशी सांगून ठेवायला हरकत नाही, पण धक्क्यावर बोलवायची ती दाखला हातात पडल्यावर. गाडी जवळच थांबलेली असते, यायला वेळ लागत नाही.

ताजी व्यालेली गाय

दूध डोळ्यांनी दिसतं म्हणून सगळ्यांना कालच व्यालेली गाय हवी असते, आणि हेडी लोकांना, म्हणजे जनावरांच्या व्यापाऱ्यांना, ते पक्कं ठाऊक असतं. पण व्यायल्यापासून ७२ तास गाय गाडीत घालायची नाही, असा नियम आहे. वाटेत व्यायची शक्यता आहे ती गायही नाही. नुकतं जन्मलेलं वासरू, आजारी, लंगडणारं, अगदी खंगलेलं किंवा दमलेलं जनावर, यांनाही मनाई. उपचारासाठी आजारी जनावर न्यायचं असेल तर नेता येतं, पण इतरांत मिसळून नाही. गाभण जनावरंही बाकीच्यांपासून वेगळी.

आमचा सल्ला: ताजी गाय आवडली तर विसार द्या, ओळखीच्या गोठ्यात तीन-चार दिवस ठेवा, मग न्या. या भागात दिवसाच्या खर्चावर जनावर सांभाळणारे दोन-तीन गोठे आमच्या माहितीत आहेत, विचारा. तेवढ्या दिवसांत खरं दूधही कळतं.

"अजून एक बसेल की!"

हे वाक्य रोज ऐकतो. गाय किंवा म्हैस, प्रत्येकीला किमान दोन चौरस मीटर जागा, म्हणजे साधारण साडेएकवीस चौरस फूट. आमच्या पिकअपचा हौदा नऊ फूट लांब, साडेपाच फूट रुंद, होतात साडेएकोणपन्नास. दोन गाई. चौदा बाय सहाच्या गाडीचे होतात चौऱ्याऐंशी. तीन गाई, आणि चौथीला दोनच फूट कमी पडतात. तिथेच सगळा वाद होतो, कारण डोळ्यांना चौथी सहज बसताना दिसते. बसतेही, पण एक खाली बसली की उरलेल्या तिच्यावर उभ्या राहतात. एकोणीस बाय सातच्या गाडीत सहा येतात. त्याहून लांब गाडी आणली तरी सहाच, कारण एका मालवाहू गाडीत सहापेक्षा जास्त गुरं नाहीत, असा वेगळा नियम आहे. वासरूही गुरांतच धरलेलं आहे, त्यामुळे "ते काय, कोपऱ्यात उभं राहील" चालत नाही.

२०१६ पासून मोटार वाहन नियमांतही हेच माप आलं, आणि वर प्रत्येक जनावराला हौद्यात वेगळा कप्पा आला. अशा गाडीला आरटीओचा खास परवाना लागतो. आमच्या गाड्यांना कप्पे आहेत, परवाना आहे, कडेला गादी आहे आणि खाली काथ्याची चटई. तुम्हाला निम्म्या भाड्यात आठ गाई नेणारा कुणी भेटेल, नाही म्हणत नाही. त्याच्या गाडीत खाली काय आहे तेवढं वाकून बघा. ओल्या पत्र्यावर गाय उभी राहू शकत नाही.

शेळ्यांचं माप वेगळं: एकीला ०.३ चौरस मीटर, म्हणजे सव्वातीन चौरस फुटांच्या आसपास. पिकअपमध्ये पंधरा. मोठ्या गाडीतही चाळीसच्या वर नाही, आणि दर दोन-तीन मीटरवर आडवी फळी, नाहीतर ब्रेक लागला की सगळ्या पुढे गोळा होतात. बकरी ईदच्या आधी गाडी हवी असेल तर लवकर कळवा.

पन्नास रुपयांचा दंड

"दंड तर पन्नास रुपये आहे, मी भरतो," असंही लोक म्हणतात. खरं आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपयेच दंड आहे. पण २०१७ चे नियम आले तेव्हापासून पकडलेली जनावरं खटला चालेपर्यंत गोशाळेत ठेवता येतात, त्यांच्या सांभाळाचा खर्च मालकाकडून घेता येतो आणि गाडी त्या खर्चाला तारण म्हणून अडकते. दुभती गाय गोशाळेत महिनाभर राहिली तर तुमच्या हिशेबाचं काय होतं ते सांगायला नको. गोवंश हत्याबंदीचा कायदा २०१५ पासून कडक झाल्यावर रस्त्यात गाडी थांबवली जाणं नेहमीचं आहे, कधी पोलीस थांबवतात, कधी दुसरेच कोणी. कागद पूर्ण असले, गाई मोकळ्या उभ्या दिसल्या, तर बोलणं लवकर संपतं. फाईल ड्रायव्हरच्या हातात असते आणि वर विकणारा, घेणारा, दोघांची नावं, पत्ते, फोन आणि जनावरांची संख्या लाल अक्षरांत लावलेली असते. ते लेबल नियमातलंच आहे, शोभेचं नाही.

बाकीचं थोडक्यात

जनावरांबरोबर दुसरा माल नाही. "येताना दहा पोती सरकी पेंड टाका" याला आमचं उत्तर नाहीच असतं. वाटेपुरता चारा आणि पाणी आम्ही ठेवतो. जनावरांसोबत आमचा एक माणूस असतो, औषधांची पेटीही असते. तुमच्याकडचा एक जण केबिनमध्ये आला तर चालेल, पण चार पाव्हणे हौद्यात नकोत.

गाडी शक्यतो संध्याकाळी का भरतो, असं विचारतात. जनावरं होता होईल तो रात्रीच हलवावीत, असं नियमांतच आहे, आणि चैत्र-वैशाखात तर दुसरा पर्यायच नाही. चढवण्याआधी जनावराला चारा-पाणी झालेलं हवं. शेण कमी पडावं म्हणून उपाशी ठेवू नका. सुका चारा द्या, ओला आणि पेंड बेताची. लांबच्या पल्ल्यात वाटेत थांबून धार काढतो आणि वासरांना पाजतो, तेवढा वेळ धरून चला. मारक्या जनावराबद्दल आधीच सांगा. शेपटी पिळून किंवा वेसण ओढून आमची माणसं चढवत नाहीत. उताराची फळी आहे, गाय स्वतः चढते, फक्त मागून आरडाओरडा करू नका.

उतरल्यावर आधी पाणी, मग सुका चारा, पेंड दुसऱ्या दिवसापासून हळूहळू. दूध दोन-चार दिवस कमी येतं, ते प्रवासाचं असतं; त्यासाठी आम्हालाही आणि हेड्यालाही लगेच फोन नको. आठवडा गेला तरी वाढलं नाही तर डॉक्टरला दाखवा.

भाडं गाडीवर आणि किलोमीटरवर ठरतं, गाईवर नाही. त्यामुळे एकच गाय असेल तर आम्हाला सांगा. त्याच रस्त्याचं दुसरं गिऱ्हाईक असेल तर गाडी जोडून देतो. धक्क्यावर पहिला तास मोफत, पुढे थांबण्याचे पैसे वेगळे. दाखला आणि कानाच्या बिल्ल्याचा फोटो आधी व्हॉट्सअ‍ॅपवर आला असेल, तर थांबण्याचे पैसे घेत नाही.