‘गॅट्सबी’तला सोनेरी आणि पिवळा

‘द ग्रेट गॅट्सबी’वरची बहुतेक परीक्षेची टिपणं सोनेरी आणि पिवळा हे रंग एका ओळीत उरकतात: दोन्ही म्हणजे पैसा. थोडी पुढे जाणारी टिपणं सांगतात की सोनेरी म्हणजे पिढीजात श्रीमंती आणि पिवळा म्हणजे नवश्रीमंतांचा भपका. एफ. स्कॉट फिट्झजेराल्डच्या या १९२५ सालच्या कादंबरीत ही विभागणी टिकत नाही. गॅट्सबी तर अगदी कालचा श्रीमंत. पण जवळजवळ पाच वर्षांनी जुनी प्रेयसी डेझी हिला भेटायला येतो तेव्हा त्याचा टाय सोनेरी असतो. त्याच्या खोलीतला प्रसाधनाचा संचही अस्सल सोन्याचा, आणि त्यातलाच ब्रश उचलून डेझी केसांवरून फिरवते. कथा सांगणारा निक महिना ऐंशी डॉलर भाड्याच्या पडक्या बंगलीत राहतो. बँकिंग आणि कर्जरोख्यांवरची त्याची लाल-सोनेरी पुस्तकं त्याला टांकसाळीतल्या कोऱ्या पैशासारखी वाटतात.

माझ्या मते फरक पैसा कुणाचा यात नाही, पाहणारा कुठे उभा आहे यात आहे. पैशाची अजून ओढच आहे, त्याची झळ बसलेली नाही, तोवर तो सोनेरी दिसतो. डेझीच्या आवाजात पैसा खणखणतो हे गॅट्सबीच्या तोंडून ऐकल्यावर निकला ती राजाची लेक, ‘सोनेरी मुलगी’ वाटते.

पिवळा भेटतो तो पैसा रस्त्यावर उतरल्यावर. याचा सगळ्यात पक्का पुरावा गॅट्सबीची गाडी. निक ती पहिल्यांदा पाहतो तेव्हा तिचा रंग सायीसारखा असतो, अधूनमधून निकेल चमकत असतं. पुढे डेझीचा नवरा टॉम तीच गाडी घेऊन राखेच्या खोऱ्यातल्या, म्हणजे राख साचलेल्या उजाड पट्ट्यातल्या, विल्सनच्या गॅरेजपाशी थांबतो, आपणच ती विकत घेतल्याची थाप मारतो. आजारी विल्सन पेट्रोल भरता भरता म्हणतो, छान पिवळी आहे. गाडी तीच, पण तिच्यात बसणाऱ्यांच्या जगात सायीसारखी आणि पेट्रोल भरणाऱ्याच्या जगात पिवळी. विल्सनची बायको आणि टॉमची प्रेयसी मर्टल खिडकीतून तिच्यात टॉमला पाहते, म्हणून संध्याकाळी ती गाडी परतताना दिसताच रस्त्यावर धावत येते. गाडी तेव्हा डेझी चालवत असते. मर्टल मरते, आणि तिथे आलेला एक साक्षीदार सांगतो, मोठी, नवी, पिवळी गाडी होती. विल्सनच्या दुकानाची इमारतही पिवळ्या विटांची आहे आणि त्या खोऱ्यावर रोखलेल्या डोळ्यांचे डॉक्टर एकलबर्ग यांच्या जाहिरातीतला चष्माही पिवळाच.

गॅट्सबीच्या मेजवानीत मात्र दोन्ही रंग शेजारी शेजारी येतात, आणि फरक तिथेच तपासून पाहावा. पाहुणे जमण्याआधी मांडलेल्या टर्की जादू झाल्यासारख्या गडद सोनेरी आहेत. गर्दी चढते, हास्याचे फवारे उडू लागतात, तेव्हा वाद्यवृंद वाजवतो ते संगीत पिवळं आहे. एकसारखे पिवळे पोशाख घालून येणाऱ्या दोन मुलीही याच गर्दीतल्या, आणि कादंबरी त्यांच्यातल्या एकीलाच नाव देते, तेही नुसतं ल्यूसिल.

शेवटच्या दुपारी गॅट्सबी पिवळ्या पडू लागलेल्या झाडांत दिसेनासा होतो. त्यावर बरंच काही रचता येतं, पण मला तिथे आधी सप्टेंबर महिना दिसतो.