ट्रायपॉड (भक्कम स्टँडची निवड आणि वापर)

ट्रायपॉड म्हणजे कॅमेरा हलू नये म्हणून लावायचा तीन पायांचा स्टँड. पाय तीनच का, तर तीन टोकं कितीही उंचसखल जागेवर एकाच वेळी टेकतात, चौथा आला की एक तरी अधांतरी राहतो आणि सगळं डुगडुगतं, नाशिकच्या गोदाघाटाच्या झिजलेल्या दगडी पायऱ्यांवर स्टँड लावला की हे लगेच पटतं. हातात धरून फोटो काढताना शटर स्पीड (शटर उघडं राहण्याचा वेळ) साधारण एक भागिले फोकल लेंथ (लेन्सवरचा एमएमचा आकडा) एवढा तरी लागतो, म्हणजे ४०० एमएमची लेन्स १.५ पट क्रॉपच्या बॉडीवर (छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, जिथे ४०० ला ६०० धरावे लागतात) असेल तर १/६०० सेकंद. संध्याकाळी रामकुंडावरच्या गोदाआरतीला एवढा उजेडच नसतो, आणि पावसाळ्यात सोमेश्वरच्या धबधब्याचं पाणी मऊ पांढरं यायला शटर अर्धा ते दोन सेकंद उघडं ठेवावं लागतं, तिथे स्टँडशिवाय गत्यंतर नाही.

बहुतेक लोक कॅमेरा-लेन्सवर भरपूर पैसे घालतात आणि स्टँड मिळेल तो स्वस्तातला घेतात, हे अगदी उलटं आहे, कारण हलक्या स्टँडवर भारी लेन्सची शार्पनेस वायाच जाते. पाकिटावर लिहिलेली वजन पेलायची क्षमता प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने ठरवते, म्हणून आपल्या कॅमेरा-लेन्सच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट तरी आकडा बघावा. मधला दांडा न उचलता व्ह्यूफाइंडर डोळ्यापर्यंत यायला हवा, दांडा वर काढला की तीन पायांचा स्टँड वरच्या टोकाला एकपायीच होतो. पायाचे भाग तीन असले तर जास्त ताठ, चार-पाच असले तर बॅगेत छोटा मावतो पण शेवटची नळी काडीसारखी बारीक. कार्बन फायबर हलकं आणि कंपनं लवकर शमवणारं पण महाग. हरिहर किंवा अंजनेरी किल्ला चढायचा असेल तर पैसे वसूल, गाडीतून उतरून दहा पावलांवर फोटो काढायचा असेल तर अॅल्युमिनियम पुरतं.

दुकानात पाय पूर्ण उघडून लॉक करा, वरून तळहाताने दाबा आणि डोकं (कॅमेरा बसतो ते हेड) धरून पिळून बघा, नळी सरकली किंवा सांधा करकरला तर तो घेऊच नका. वरच्या डोक्याचंही तेच, लँडस्केपला चांगला बॉलहेड (गोळ्यावर सगळीकडे वळणारं हेड) चालतो, पण मोठ्या लेन्सने पक्षी टिपायला गिंबल हेडच (जड लेन्स तोलून सहज फिरवू देणारं) घ्यावं आणि लेन्स तिच्या कॉलरवरून (लेन्सभोवतीच्या पट्ट्यावरून) बसवावी. कॅमेऱ्याखालचा स्क्रू बहुतेक ठिकाणी १/४ इंची असतो, इंचाला २० आटे, मोठ्या सामानाला ३/८ इंची. कॅमेऱ्याखाली लावून हेडमध्ये अडकवायची प्लेट आर्का-स्विस पद्धतीची (बऱ्याच कंपन्या वापरतात ती खाच) घेतली की पुढे हेड बदललं तरी बहुतेक वेळा तीच चालते.

नांदूर मध्यमेश्वरला, गोदावरी-कादवेच्या संगमावरच्या या पाणथळीला २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून मान मिळाला, हिवाळ्यात पहाटे फोटोवाल्यांची गर्दी असते आणि काठाचा गाळ स्टँडची खरी परीक्षा घेतो. पाय आधी दाबून रोवायचे आणि मगच कॅमेरा चढवायचा. जाड नळ्या आधी उघडायच्या, बारीक शेवटी. उतारावर एक पाय खालच्या बाजूला. वारा असेल तर मधल्या हुकला बॅग लावायची, पण ती जमिनीला जरा टेकलेली असावी, लोंबकळली तर तीच स्टँड हलवते. लाइव्ह व्ह्यू (मागच्या स्क्रीनवरचं चित्र) १० पट मोठा करून पायावर हलकी टिचकी मारा, चित्र किती वेळ थरथरतं ते दिसेल, आणि तेवढा टायमर ठेवला की शटरचं बटण दाबल्याचा धक्का फोटोत येत नाही. दोन सेकंद बहुतेक वेळा पुरतात. शटर जास्त वेळ उघडं ठेवताना स्टॅबिलायझेशन (लेन्स किंवा कॅमेऱ्यातली थरथर कमी करणारी सोय) बंद केलेलं बरं.

पांडवलेणी आणि सिन्नरचं गोंदेश्वर मंदिर ही दोन्ही पुरातत्त्व खात्याची संरक्षित स्मारकं, तिथे ट्रायपॉडला आधी परवानगी काढावी लागते. गोदाघाटावर गर्दीत पसरलेल्या पायांना अडखळून कुणी पडू शकतं, म्हणून कडेला जागा धरावी.

घरी आल्यावर गाळ सुकायच्या आत नळ्या पूर्ण उघडून ओल्या फडक्याने पुसाव्यात आणि कोरड्या होईपर्यंत तशाच ठेवाव्यात, ट्विस्ट लॉक (पिळून घट्ट करायचे लॉक) खोलून आतली रेती काढावी, नाहीतर लॉक हळूहळू घसरायला लागतात.