रोटोरुआचे बोअर आणि बंद पडलेला गिझर

न्यूझीलंडच्या रोटोरुआ शहराला लागूनच फाकारेवारेवा म्हणून माओरी (तिथल्या मूळ रहिवाशांची) वस्ती आहे (स्पेलिंगमध्ये व्ह दिसतो, पण तिथले लोक फ म्हणतात). तिथे आजही मक्याची कणसं पिशवीत बांधून उकळत्या कुंडात सोडतात आणि थोड्या वेळाने ओढून काढतात, ना चूल ना गॅस. बाजूलाच पोहुतू नावाचा गिझर, बाथरूममधला नाही बरं का, जमिनीतून तीसेक मीटरपर्यंत गरम पाणी उडवणारा.

ही सगळी उष्णता येते कुठून, तर पॅसिफिक प्लेट (म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा एक मोठा तुकडा) इथे उत्तर बेटाच्या खाली सरकतेय, वरचं कवच ताणून पातळ झालंय आणि त्यामुळे रुआपेहू डोंगरापासून समुद्रातल्या फाकारी बेटापर्यंत ज्वालामुखींचा आणि गरम पाण्याचा पट्टाच तयार झालाय.

आता फाकारेवारेवातले बरेच लोक मुळात तिथले नाहीतच. तूहोरांगी जमातीचा धंदा तारावेरा डोंगराजवळ होता, गरम पाण्यातून साचलेल्या गुलाबी आणि पांढऱ्या सिलिकाच्या नैसर्गिक पायऱ्या बघायला जगभरातून टुरिस्ट यायचे आणि हे लोक त्यांना फिरवायचे. 10 जून 1886 ला पहाटे तारावेरा फुटला, साधारण 120 माणसं गेली, पायऱ्या गेल्या, गावं राखेखाली. वाचलेल्यांपैकी बरेच जण फाकारेवारेवाला आले आणि तिथे परत गाईडचंच काम सुरू झालं.

नंतर खरी गडबड माणसांनीच केली. तिकडे याच पट्ट्यातल्या वाइराकेईला 1958 मध्ये जमिनीतल्या वाफेवर वीज सुरू झाली, भारी कामच होतं ते, पण शेजारच्या दरीतले गिझर आटले आणि जमीनही खचली. रोटोरुआत तर घरोघरी, मोटेलोमोटेली बोअर मारलेले, फुकटचं गरम पाणी कोण सोडणार? 1970 च्या दशकात तेल महागलं तसे बोअर अजून वाढले, जमिनीखालच्या गरम पाण्याचा दाब उतरत गेला आणि 1979 मध्ये फाकारेवारेवातलाच पापाकुरा गिझर बंदच पडला.

शेवटी 1986 च्या सुमारास सरकारने पोहुतूपासून दीड किलोमीटरच्या आतले बोअर बंद करायला लावले. लोक जाम भडकले, साहजिक आहे, ऐन थंडीत घरातलं हीटिंग गेलं तर कोणीही भडकेल, पण दाब हळूहळू परत चढला. पापाकुराने मात्र चांगलाच वेळ घेतला, तो परत उडायला लागला थेट 2015 मध्ये.