सेन्सरसमोर सफायर विंडो बसवण्याआधी

भट्टीवरचा पायरोमीटर (लांबून, प्रकाशावरून तापमान मोजणारे उपकरण) असो, कॉस्टिक सोड्याच्या लाइनमधला गढूळपणा मोजणारा सेन्सर असो, की साइट ग्लासमागचा कॅमेरा. महागडा भाग मागे असतो आणि सगळा मारा समोरच्या काचेवर होतो. फाउंड्रीतली वाळू म्हणजे सिलिका, कठीणपणाच्या मोह मापावर 7. साधी काच 5.5 ते 6, म्हणून ती घासली जाऊन धुरकट होते. सफायर (कारखान्यात वाढवलेला ॲल्युमिनियम ऑक्साइडचा पारदर्शक स्फटिक) 9 वर आहे, त्यामुळे वाळूचा तिच्यावर ओरखडा उठत नाही. सिलिकॉन कार्बाइडच्या ग्रिटचा (घासायच्या कणांचा) मात्र उठतो. साखर कारखान्यात इव्हॅपोरेटर (रस आटवायची भांडी) कॉस्टिक उकळून साफ करतात. त्या गरम कॉस्टिकने बोरोसिलिकेट काच हळूहळू पांढुरकी पडते. सफायर तिथे कितीतरी जास्त टिकते.

तरीही सगळीकडे सफायर घेऊ नका. तापलेल्या विंडोवर गार पाणी उडणार असेल, तर फ्यूज्ड क्वार्ट्झ (वितळवून केलेली क्वार्ट्झ काच) चांगले, कारण ते तापल्यावर जेमतेम प्रसरण पावते. पायरोमीटर 8 ते 14 मायक्रॉन तरंगलांबीचा असेल, तर सफायर त्याला भिंतीसारखीच. ती साधारण 0.2 ते 5 मायक्रॉनपर्यंतच पारदर्शक असते. अशा ठिकाणी झिंक सेलेनाइड किंवा जर्मेनियम लागते.

रीडिंग कमी का दाखवते?

कोटिंग नसलेल्या सफायरच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे 7.5 टक्के प्रकाश परत फिरतो. दोन्ही बाजू धरून साधारण 86 टक्केच आत पोहोचतो. एका तरंगलांबीच्या पायरोमीटरला हे सांगावे लागते : एमिसिव्हिटी (वस्तू किती प्रमाणात उष्णता-प्रकाश बाहेर टाकते तो आकडा) 0.80 ठेवत असाल, तर विंडो लावल्यावर 0.80 × 0.86, म्हणजे 0.69 ठेवा. हे राहून गेले, तर 1 मायक्रॉनच्या पायरोमीटरवर 1400 अंश सेल्सिअसचे लोखंड जवळपास 30 अंश गार दिसते. ओतकामात एवढा फरक परवडत नाही. दोन रंगांच्या पायरोमीटरवर याचा परिणाम नगण्य, कारण दोन्ही तरंगलांबींना सारखीच घट बसते. परावर्तन कमी करणारे कोटिंग हवे असेल, तर फक्त सेन्सरच्या बाजूला घ्या. बाहेरच्या बाजूचे कोटिंग धुळीने खरवडले जाते आणि मग उरलेले ठिपके रीडिंग बिघडवतात.

जाडी

मोकळा व्यास (म्हणजे सीटवर, विंडो टेकते त्या कडेवर, न टेकलेला भाग) मिलिमीटरमध्ये आणि दाब मेगापास्कलमध्ये घ्या. जाडी = व्यास × √(0.31 × दाब × सुरक्षा गुणक ÷ 400). इथे 400 म्हणजे सफायरची ताकद, मेगापास्कलमध्ये. व्यास 20 मिमी, दाब 100 बार म्हणजे 10 मेगापास्कल, गुणक 4 धरला, तर 3.5 मिमी येते. 4 मिमी घ्या. हा हिशेब स्थिर दाबाचा आहे. दाबाचे धक्के बसत असतील तर आधी आम्हाला कळवा.

बसवताना

बहुतेक विंडो दाबाने नव्हे, सीटमुळे फुटतात. सफायर कठीण असते, पण वाकत नाही. सीटवर राहिलेली एखादी बर (कापताना उरलेली धातूची टोकदार कड) किंवा लोखंडाचा कण सगळा भार एका बिंदूवर आणतो, आणि तडा तिथूनच सुरू होतो. म्हणून सीट सपाट करून, बर काढून, दोन्ही बाजूंना गॅस्केट द्या. धातूचा सफायरला थेट स्पर्श नको. व्हायटनची ओ-रिंग 200 अंशांपर्यंत, टेफ्लॉन 260 पर्यंत, त्याहून जास्त तापमानाला ग्रॅफाइट. टेफ्लॉन दाबाखाली सरकत राहते, म्हणून पहिल्या गरम-गार फेरीनंतर लाइन गार आणि दाबमुक्त असताना बोल्ट पुन्हा तपासा. बोल्ट समोरासमोरचे, तीन टप्प्यांत, टॉर्क रेंचने आवळा.

कडेला 0.1 ते 0.2 मिमी फट ठेवा. स्टेनलेस स्टील सफायरच्या जवळपास तिप्पट प्रसरण पावते. गरम असताना घट्ट बसवलेली विंडो थंड होताना आवळली जाते. ब्रेझिंग करून (वितळलेल्या मिश्रधातूने) कायमची जोडायची असेल, तर रिंग स्टेनलेसची नको, कोव्हारची (कमी प्रसरण पावणाऱ्या मिश्रधातूची) घ्या.

दाब बाहेरून असतो, तेव्हा सर्वाधिक ताण आतल्या पृष्ठभागावर मध्यभागी पडतो. त्यामुळे सेन्सरकडच्या बाजूचा बारीक ओरखडा बाहेरच्या ओरखड्यापेक्षा घातक. जुनी विंडो फुटली असेल तर तुकडे फेकू नका. तडा कडेतून निघालेला असेल तर सीट आणि आवळणी तपासा. आतल्या बाजूच्या मध्यातून निघाला असेल तर दाब आणि ओरखडे.

पर्ज एअर (विंडोवर धूळ बसू नये म्हणून सोडलेली हवा) देत असाल तर ती तेलविरहित हवी. तेलाचा थर विंडोवर जळून काळा होतो आणि रीडिंग रोज थोडे थोडे खाली जाते.

माल हातात आल्यावर

वजन करा. सफायरची घनता घन सेंटिमीटरला 3.98 ग्रॅम, फ्यूज्ड क्वार्ट्झची 2.20, बोरोसिलिकेटची 2.23. म्हणजे 25 मिमी व्यासाची, 3 मिमी जाड सफायर साधारण 5.9 ग्रॅम भरते. साडेतीन ग्रॅमच्या आत भरली तर ती सफायर नाही. कडा नखाने फिरवून पाहा, चॅम्फर (कडेची धार मोडणारा तिरका काप) दिलेला हवा. टवका उडालेली विंडो दाबाच्या जागी लावू नका.

चौकशी करताना मोकळा आणि बाहेरचा व्यास, कमाल दाब, सर्वात जास्त तापमान आणि ते किती वेगाने चढते-उतरते, संपर्कात येणारे रसायन, तसेच सेन्सरची तरंगलांबी कळवा. लेझर किंवा ध्रुवीकृत प्रकाश वापरत असाल तर तेही सांगा. तिथे सी-प्लेन कटच (स्फटिकाच्या मुख्य अक्षाला काटकोनात कापलेला) लागतो, इतरत्र स्वस्त कट चालतो.