अंजिराचे फाटे कलम

अंजिराच्या (फायकस कॅरिका) पक्व फांदीचा तुकडा मातीत लावून त्यापासून मूळ झाडासारखेच झाड तयार करण्याची पद्धत. तिला छाट कलम असेही म्हणतात. आंब्याचा फाटा सहजी मुळे धरत नाही, अंजिराचा धरतो. म्हणून गच्चीवर पहिल्यांदा फळझाड वाढवू पाहणाऱ्याने अंजिरापासूनच सुरुवात करावी.

आपल्याकडे अंजीर बियांपासून लावत नाहीत, याला ठोस कारण आहे. अंजिराची फुले फळाच्या पोकळीत, आतल्या बाजूला असतात. त्यांचे परागीभवन ब्लास्टोफागा सेनेस ही गांधीलमाशीच्या कुळातली अगदी चिमुकली माशी करते. पुणे जिल्ह्यातला ‘पूना अंजीर’ हा वाण मात्र तिच्याशिवाय, परागीभवन न होताच फळ धरतो. साहजिकच दाताखाली कुरकुरणारे त्याचे दाणे पोकळ असतात. ते उगवत नाहीत. परागीभवन होऊनच फळ धरणाऱ्या स्मर्ना गटातल्या सुक्या अंजिराचे बी रुजू शकते, पण त्यातली निम्मी रोपे नरवर्गी निघतात आणि उरलेल्यांपैकी बहुतेकांना फळासाठी पुन्हा तीच माशी लागते. पुरंदर तालुक्यातल्या बागा त्यामुळे फाटे कलम आणि गुटी कलमांवरच (फांदी झाडावर असतानाच तिला मुळे फोडून केलेली कलमे) उभ्या आहेत. पुरंदर अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

ही रीत फार जुनी असावी. जॉर्डन खोऱ्यातल्या गिल्गाल येथे सुमारे ११,४०० वर्षांपूर्वीची अंजिरे सापडली. ती परागीभवनाविना धरलेली असल्याने ती झाडे माणसानेच फाटे लावून वाढवली, असे मत संशोधकांनी २००६ मध्ये मांडले. ते सर्वमान्य नाही.

फाटा घेण्याचा उत्तम काळ म्हणजे पानगळीनंतरचा, जानेवारी-फेब्रुवारी. गेल्या वर्षीची, पेन्सिलीइतकी जाड, करड्या सालीची फांदी निवडून २० ते २५ सेंटिमीटरचा, चार-पाच डोळ्यांचा (कोंब फुटण्याच्या जागांचा) तुकडा घ्यावा. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली घेतात, कारण मुळे तिथे लवकर फुटतात. वरचा तिरपा, म्हणजे पाणी साचत नाही आणि लावताना वरचे टोक ओळखू येते. कापलेल्या जागेतून येणारा चीक उन्हात त्वचा भाजवतो, म्हणून हातमोजे घालावेत. चीक वाळला की तळाला भोक असलेल्या पिशवीत, वाळू आणि कोकोपीट घातलेल्या हलक्या मातीत दोन-तृतीयांश फाटा पुरावा आणि पिशवी सावलीत ठेवावी. मूळ फुटण्यासाठी मध, दालचिनी, कोरफडीचा गर असे पुष्कळ उपाय सुचवले जातात. अंजिराला त्यांची गरज नाही.

खरी कसोटी पहिली पाने दिसल्यावर लागते. ती फांदीत साठलेल्या अन्नावर फुटतात, मुळांवर नव्हे. कलम लागले असे समजून याच वेळी ते कुंडीत हलवले वा खत घातले, तर आठवड्याभरात पाने माना टाकतात. माती नुसती ओलसर ठेवावी, चिखल होऊ देऊ नये. फाटे सुकण्यापेक्षा कुजूनच जास्त मरतात. मुळे साधारण चार ते सहा आठवड्यांत येतात. पिशवीच्या भोकातून ती दिसू लागली की मोठ्या कुंडीत किंवा अर्ध्या कापलेल्या पिंपात लावून हळूहळू उन्हाची सवय करावी. चांगले ऊन मिळाल्यास दुसऱ्या वर्षी फळ दिसते.

मातृवृक्ष पारखून घ्यावा. पानांवर पिवळट चट्टे पाडणारा मोझॅक विषाणू फाट्यासोबत नव्या झाडात उतरतो आणि त्यावर औषध नाही. मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी मात्र मातीतून येतात. त्यासाठी जुन्या कुंडीतली माती कलमाला वापरू नये.